मशीन तुम्ही बरोबर निवडलं होतं, दाजी

दाजी, तुम्ही गेल्यापासून मांडवगणच्या घरी माणसं येतात, अक्काजवळ थोडा वेळ बसतात, आणि चहा झाला की कुणीतरी हमखास त्या खुर्चीची गोष्ट काढतं. "आईसाठी जीपला फिरती खुर्ची केली होती बघा गड्यानं. पन शिरूरला जाईस्तोवर वेल्डिंगचा टाका तुटला." मग सगळे जरासं हसतात. त्यात वाईटपणा नसतो. तुमच्याबद्दल मायेनं बोलण्यासारखं लोकांकडं जे काही आहे, त्यातलंच ते एक. मी मात्र कपात बघत बसतो.

दहाव्याला नदीवरही तीच गोष्ट निघाली. तुमच्याबरोबर शाळेत होते ते आप्पा सांगत होते. त्यांना वाटलं, माणसं जरा हलकी होतील. मी पाण्याकडं तोंड करून उभा राहिलो. घरी परतल्यावर मात्र मला राहवलं नाही. जे दहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते मी त्या दुपारी केलं, आणि केल्यावर जे कळलं ते तुम्हाला सांगायचं राहिलंय. म्हणून हे लिहितोय. आपण दोघं कधी एकमेकांना पत्र लिहिणारे नव्हतो. आपलं सगळं तोंडावर, आणि निम्म्या वेळा भांडणच.

तुमची जीप मला अजून पहिल्या दिवशीची दिसते. लिलावातून आणलेली, तळाचा पत्रा गंजून चाळणी झालेला, दारं नाहीत. अक्का म्हणाली, "हे भंगार विहिरीकडच्या शेडातच ठेवा, दारात नको." तुम्ही मावशींना, म्हणजे तुमच्या आईला, हात धरून शेडापर्यंत नेलंत आणि म्हणालात, "आई, ह्या गाडीनं तुला कवठ्याला नेतो."

मावशी गोठ्यात घसरून पडल्या त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. खुब्याचं हाड जुळलं, पण पाय पुरता वाकेना. एसटीची पायरी त्यांना चढता येईना. एकदा भाड्याची गाडी केली तर दोघा जणांनी त्यांना उचलून आत बसवलं, तेही गावातल्या भर रस्त्यावर. घरी आल्यावर त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, "मला पोत्यावानी उचलू नगा. न्हाई जायाचं मला आता कुठं." त्यांचं माहेर कवठे येमाई. दर चैत्रात भावाकडं जायची त्यांची रीत मोडली ती तिथंच. तुम्हाला ती पुन्हा सुरू करायची होती. जीपच्या डाव्या बाजूची बैठक काढून तिथं अशी खुर्ची बसवायची, जी बाहेर फिरेल. मावशींनी उभ्या उभ्या मागं टेकायचं, खुर्ची आत वळवायची, आणि निघायचं. कुणाचा हात लागायला नको. शेडाच्या फरशीवर खडूनं तुम्ही ते सगळं काढून दाखवलंत. चित्र वाकडंतिकडं होतं, पण विचार चोख होता. तसं मी तेव्हा तुम्हाला म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.

मग तुम्ही विचारलंत, "पाव्हणं, वेल्डिंगचं मशीन कोन्तं घ्यावं?"

मी दौंडकडच्या साखर कारखान्यात सोळा वर्षं वेल्डर होतो. बहिणीच्या घरी माझ्या मताला मान असणारी ती एकच बाब. मी छाती काढूनच बोललो असेन. तुम्ही मात्र नुसतं विचारत नव्हतात, आधीच बघून आला होतात. रांजणगावच्या एका कारखान्यात तुमच्या ओळखीच्या माणसानं तुम्हाला तारेचं मशीन दाखवलं होतं. बंदुकीसारख्या हत्यारातून बारीक तार आपोआप पुढं येते, बरोबर गॅस सुटतो, आणि पातळ पत्रा न जळता जुळतो.

"तसलं बारकं कायतरी मिळंल का बघा," तुम्ही म्हणालात. "जीपचा पत्रा पातळ, खुर्चीचा पाइप पातळ. मोठ्या मशीननं भोकंच पडत्याल."

"ते कारखान्याच्या छपराखाली ठीक आहे," मी म्हणालो. "इथं शेडात वारा आला की गॅस उडून जाईल आणि टाक्यात फोड येतील. सिलिंडर संपला की पुण्याला पळा. त्यापेक्षा आमच्याकडं असतं तसं तेलानं थंड राहणारं मोठं मशीन घ्या. विहिरीच्या मोटरच्या लायनीवर चालेल. आयुष्यात बिघडणार नाही."

"आयुष्यभर मला काय करायचंय? एक जीप करायची हाय."

"उद्या नांगर जोडाल, ट्रॉली जोडाल."

तुम्ही म्हणालात, "पाव्हणं, मला तुमच्या कारखान्याचा बॉयलर न्हाई जोडायचा. आईला बसवायचंय."

 मी म्हणालो, "तुम्हाला ह्यातलं कळत नाही, दाजी."

वाऱ्याचं आणि सिलिंडरचं मी बोललो ते खोटं नव्हतं. आजही कुणी विचारलं तर तेच सांगेन. पण तुमचा प्रश्न निराळा होता. घरी, एकट्यानं, पातळ लोखंडावर काम करणाऱ्या नवशिक्या माणसाला काय लागतं, हा तो प्रश्न. मी उत्तर दिलं ते मला काय वापरायची सवय आहे ह्याचं. काहीच नाही तर लहान, घरच्या लायनीवर चालणारं, कमी करंटचं मशीन आणि बारीक रॉड, एवढं तरी मी सुचवू शकलो असतो. तेव्हाही तशी मिळत होती. पण त्यांना मी खेळणी म्हणायचो.

तुम्ही माझं ऐकलंत. दौंडहून ते धूड टेम्पोतून आलं, चार जणांनी उतरवलं. पुढचे दोन महिने तुम्ही त्याच्याशी झगडलात. तळाला नवा पत्रा लावताना भोकं पडायची, भोकं बुजवायला गेलं की आणखी मोठी व्हायची. करंट अगदी खाली आणला तरी ते पातळ पत्र्याला जास्तच. भोवतालच्या शेतांत मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि मग रॉड नुसताच चिकटायचा. मी रविवारी आलो की तुम्ही ती भोकं दाखवायचात. मी म्हणायचो, हात बसायला वेळ लागतो.

पत्रा कसाबसा झाला. खुर्ची मात्र मी माझ्या हातानं करणार म्हटलं. माझं मशीन, माझी निवड, ती बरोबर आहे हे मला दाखवायचं होतं. एका रविवारी सकाळपासून आपण दोघंच शेडात बसलो. पाइपचा सांगाडा नीट झाला, खरंच चांगला झाला. पातळ पाइप म्हणून करंट खाली ठेवला होता. शेवटी राहिली चॅसीवरची जाड पट्टी, जिच्यावर ती सगळी खुर्ची फिरणार होती, मावशींचा सगळा भार पेलणार होती. जाड लोखंडाला करंट वाढवावा लागतो, नाहीतर टाका वरवरच बसतो, हे शिकाऊ माणसालाही माहीत असतं. मशीन शेडाच्या दुसऱ्या टोकाला होतं. मला चारची गाडी धरून दौंडला जायचं होतं. मी जागेवरूनच, आहे त्या करंटवर टाका मारायला लागलो.

तुम्ही विचारलंत, "करंट वाढवायचा का?"

मी म्हणालो, "तुम्ही पट्टी धरा नीट."

वरची खपली हातोडीनं उडवली तेव्हा टाका दिसायला देखणा होता. एकसारख्या लाटा. तुम्ही म्हणालात, ज्वारीची दोन पोती टांगून दोन दिवस ठेवू या का. मी हात धूत होतो. म्हणालो, "बॉयलरचे टाके मारतो मी, दाजी. त्याला पोती नाही टांगत कुणी." तुम्ही हसलात आणि पोती टांगली नाहीत. तुम्ही माझ्या शब्दावर विसंबलात.

चैत्रातली ती सकाळ. मावशी नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन अंगणात उभ्या होत्या. तुम्ही खुर्ची बाहेर वळवलीत, त्या मागं टेकल्या, तुम्ही खुर्ची आत फिरवली. कुणाचा हात लागला नाही. गावातून जाताना मावशींनी तीन ठिकाणी तुम्हाला जीप थांबवायला लावली. दिसेल त्या बाईला सांगत होत्या, "माहेराला चाललेय." मी मागं अक्काशेजारी बसलो होतो आणि मला वाटत होतं, हे मी केलंय.

शिरूरला चहाला थांबलो. मावशी म्हणाल्या, जरा पाय मोकळा करते. तुम्ही खुर्ची बाहेर वळवलीत. त्या उठायला म्हणून पुढं झुकल्या आणि सगळा भार त्या पट्टीवर आला. फार आवाजही झाला नाही. मावशी खुर्चीसकट रस्त्यावर पडल्या. डावं मनगट मोडलं. लुगडं गुडघ्यापर्यंत वर गेलं होतं, अक्का धावून ते सारखं करत होती, आणि चहाच्या गाड्यावरची माणसं गोळा झाली होती.

मी तुटलेली जागा पाहिली. टाका सालीसारखा अख्खा निघून आला होता आणि खालची पट्टी जशीच्या तशी गुळगुळीत. आत काही मुरलंच नव्हतं. तुम्हीही पाहिलंत. दोन महिने भोकं पाडून पाडून तुम्हाला तेवढं कळायला लागलं होतं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी पांढरा पडलो असणार. मावशी कण्हत विचारत होत्या, "काय तुटलं रं? काय तुटलं?" तेव्हा तुम्ही त्यांच्याजवळ बसलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "माझा टाका तुटला, आई. मी मारला होता."

तिथंच मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं.

दवाखान्याच्या बाहेर मी तुम्हाला म्हणालो, "दाजी, असं का बोललात?" तुम्ही म्हणालात, "तुमचं पोट ह्या कामावर हाय. माझं शेतावर. लोकं चार दिवस बोलत्याल." आणि मावशींसाठी पाणी आणायला गेलात. त्यानंतर तो विषय आपल्यात पुन्हा कधी निघाला नाही. तुम्ही काढला नाहीत, आणि मला तर तो निघायला नकोच होता.

लोक चार दिवस नाही, दहा वर्षं बोलले. लग्नात मांडवाचा खांब हलला तरी कुणी म्हणायचं, "टाका कुणी मारलाय बघा." तुम्ही हसायचात. अक्का हसायची नाही. ती तुम्हाला टोचून बोलायची, माझ्यासमोरही. "स्वतःच्या आईला रस्त्यावर पाडणारा कारागीर." मी तिथंच ताटावर बसलेला असायचो, दाजी. तुम्ही भाकरी मोडत राहायचात. माझ्याकडं बघायचासुद्धा नाहीत, मला लाज वाटू नये म्हणून.

मावशींचं हाड जुळलं. पण त्या जीपमध्ये पुन्हा बसल्या नाहीत. तीन वर्षांनी त्यांचे भाऊ गेले, तेव्हा तुम्ही खुर्ची पुन्हा जोडून जीप दारात आणून उभी केलीत. "तुझ्या हातचं जेवीन," त्या म्हणाल्या, "पन तुझ्या हातच्या खुर्चीत न्हाई बसायची." भावाच्या सुतकाची आंघोळ त्यांनी मांडवगणलाच केली. कवठ्याला अक्का आणि तुम्ही गेलात. मी दौंडला होतो. मला ड्यूटी होती असं मी कळवलं. नव्हती.

मग एक दिवस तुमचा फोन आला. आता डब्याएवढी नवी मशीनं आली आहेत, खांद्याला अडकवून नेता येतात, घरच्या लायनीवर चालतात, करंट पाहिजे तेवढा बारीक करता येतो. तुम्ही दोन-तीन प्रकार पाहून आला होतात. "ह्यातलं कोन्तं घेऊ?" तुम्ही विचारलंत. एवढं सगळं होऊनही तुम्ही मलाच विचारलंत. त्या वेळी मला खरंच सांगता आलं असतं. कोणतं व्होल्टेज पडल्यावर टिकेल, कोणत्याची केबल पुरेशी जाड आहे, पातळ पत्र्याला कोणता रॉड, रॉड ओल धरतात म्हणून कसे ठेवायचे. मला ते सगळं ठाऊक होतं. पण मी म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल ते घ्या." तुम्हाला वाटलं असेल, मशीनच्या जुन्या वादावरून मी अजून रुसलोय. फोन ठेवताना तुम्ही म्हणालात, "बरं. बघतो माझं मी."

तुम्ही तुमचं पाहिलंत. दिवाळीला मी आलो तर शेडात मशीन होतं, आणि भिंतीवर खडूनं लिहिलं होतं, कोणत्या जाडीला किती करंट. तुम्ही लोखंडाचे तुकडे जोडायचात, मग ते करवतीनं मधोमध कापायचात आणि टाका आत कुठवर गेलाय ते बघायचात. कुणी शिकवलं होतं तुम्हाला? कारखान्यात आमच्याकडं चाचणी अशीच होते. एक कापलेला तुकडा तुम्ही माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "बघा, मुरलाय का."

मुरला होता. माझ्यापेक्षा सरस होता. शेडात आपण दोघंच होतो, दाजी. तुम्ही मुद्दाम तसं बोललात, की सहज? तुम्ही माझ्यासाठी दार उघडत होतात, असं मला आता वाटतं. कदाचित तुम्हाला नुसतं वेल्डरचं मत हवं असेल. मी म्हणालो, "चांगलाय," आणि तुकडा परत दिला.

त्या मशीनवर तुम्ही खुर्ची नव्यानं केलीत. दोन पोती टांगलीत, आठ दिवस. मग स्वतः बसून आतबाहेर केलंत, अक्काला बसवलंत. मावशींनी लांबूनच पाहिलं. दर चैत्रात तुम्ही त्यांना एकदा विचारायचात आणि त्या एकदा नाही म्हणायच्या. ह्या चैत्रातही विचारलंत म्हणे.

दहाव्याहून आलो त्या दुपारी मी अक्काला सांगितलं. ती चुलीपाशी बसली होती. मी सगळं सांगितलं, करंटचं, चारच्या गाडीचं, पोत्यांचं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा म्हणेल की झालं ते झालं. खरं तर तिनं तसं म्हणावं म्हणूनच मी सांगत होतो. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मी त्यांना किती बोलले रे. तू समोर असायचास आन् मी बोलायचे." मग चुलीतलं लाकूड मागं ओढत, "आता हे मला कशाला सांगितलंस? तुझं हलकं झालं. माझं काय?"

मी उठायला लागलो तर म्हणाली, "जाऊ नकोस. आत्याबाईंना सांग. मी न्हाई सांगणार. तू सांग."

तुम्हाला माहीत आहे, मावशींना आता फारच कमी ऐकू येतं. कानाशी जाऊन ओरडावं लागतं. ओट्यावर भावकीतली आठ-दहा माणसं बसली होती, आप्पाही होते. मावशी बाजेवर भिंतीला टेकून होत्या. मी त्यांच्याजवळ खाली बसलो आणि म्हणालो, "मावशी, खुर्चीचा टाका माझा होता."

"आँ?"

मी आवाज चढवला. "खुर्चीचा टाका. शिरूरला तुटला तो. दाजींचा नव्हता. मी मारला होता."

ओट्यावरची माणसं वळून बघायला लागली. गल्लीतून जाणारी एक बाई उभी राहिली. मावशींनी माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं, ओठांवरून कळतंय का बघत. "कुनाचा म्हनलास?"

"माझा, मावशी. मी केलं होतं ते काम. दाजींनी आपल्यावर घेतलं."

"त्यानं कशापायी घ्यावं?"

"माझ्यासाठी. माझी नोकरी होती म्हणून." हेसुद्धा मला ओरडूनच सांगावं लागलं. दोनदा.

त्या रागावल्या नाहीत. उजव्या हातानं डावं मनगट चोळत राहिल्या. मोडल्यापासून थंडीत ते दुखतं त्यांचं, पण तेव्हा थंडी नव्हती. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, त्या आता मला काही बोलतील आणि मी ऐकून घेईन, त्याची मी तयारी केली होती. पण त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. समोर शेडाकडं बघत, हळू आवाजात, जणू तुम्ही तिथंच काम करत आहात असं म्हणाल्या,

"मग मी बसले असते की रं."

दाजी, एवढंच तुम्हाला कळवायचं होतं. त्या बसल्या असत्या.